हाकेच्या अंतरावर

आई गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, एक अल्बम सापडला. काळ्या जाड कागदाची पाने, दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला बटर पेपर आणि कागदी कोपऱ्यांत अडकवलेले एकूण ३१ फोटो. सगळे कृष्णधवल, सगळे चौकोनी, पांढऱ्या कडेसह माझ्या तळहातावर मावतील एवढे. वाईच्या माझ्या मामाकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसे, एका रोलमध्ये सहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे बारा फोटो निघत, आणि स्टुडिओत रोल धुवायला टाकला की निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून तेवढ्याच आकाराच्या प्रती मिळत. मोठा फोटो हवा असेल तर एनलार्जमेंटचे पैसे वेगळे पडत, म्हणून लग्न-मुंज सोडली तर आमच्यासारख्या घरांतले फोटो निगेटिव्हच्या मापाचेच राहिले. हा लहान आकार काटकसरीतून आलेला होता. पण पुढची तीन वर्षे मी ज्या कामात घालवली, त्याचे मर्म त्या आकारातच होते.

यांतले २४ फोटो निवडून प्रत्येकासमोरच्या पानावर गद्याचा एक उतारा ठेवायचा आणि त्याचे छोटे पुस्तक करायचे, असे ते काम होते. आईचे चरित्र मला लिहायचे नव्हते, आणि ‘आठवणी’ या नावाखाली जे लिहिले जाते तेही नको होते. पंधरा-वीस ओळींचा एक घट्ट विणलेला उतारा, आणि त्याच्या शेजारी एक लहानसा फोटो. दोघांनी मिळून जे काही सांगायचे ते सांगावे, एवढीच कल्पना होती. ती कागदावर आणणे किती अवघड आहे, हे पहिल्याच जोडीने दाखवून दिले.

ती जोडी घाटावरच्या फोटोची होती. साल १९६८ च्या आसपासचे. आई सतरा-अठरा वर्षांची, वाईच्या गणपती घाटाच्या पायऱ्यांवर उभी आहे. पायाशी पितळी कळशी आहे, ऊन समोरून येत असल्यामुळे तिने डोळे बारीक केले आहेत, आणि मागे ढोल्या गणपतीच्या देवळाचा थोडासा भाग दिसतो. मी घाट लिहिला, कृष्णेचे पाणी लिहिले, पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे तेही लिहिले, कळशी लिहिली आणि बारीक केलेले डोळेही लिहिले. उतारा वाईट झाला नव्हता. पण तो फोटोशेजारी ठेवल्याबरोबर दोन्ही निर्जीव झाले. भटजींनी मंत्र म्हणावेत आणि यजमानाने नुसते ‘मम’ म्हणावे, तसा फोटो माझ्या प्रत्येक वाक्याला मम म्हणत बसला. वाचणारा मजकूर वाचील, फोटोकडे एक नजर टाकील, कळशी जागेवर आहे याची खात्री करून घेईल आणि पान उलटील. किंवा आधी फोटो पाहील, आणि मग मजकूर वाचण्याचे त्याला काही कारणच उरणार नाही.

अशा वेळी माणूस आपल्या आधी कोणी हे केले आहे का ते शोधतो. मीही शोधले, आणि एका जुन्या पुस्तकापाशी बरेच दिवस थांबले. जॉर्ज रोदेनबाख या बेल्जियन कवीने १८९२ साली फ्रेंचमध्ये ‘ब्रुज-ला-मोर्त’, म्हणजे ‘मृत ब्रुज’, ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. छायाचित्रांसह छापलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पत्नीच्या मृत्यूनंतर एक विधुर ब्रुज शहरात येऊन राहतो, कारण त्या शहराची उदासी त्याच्या दुःखाशी जुळते; आणि एके दिवशी रस्त्यात त्याला पत्नीसारखीच दिसणारी एक नर्तकी भेटते. कथा इतकी माणसांची असूनही पुस्तकातल्या पस्तीस छायाचित्रांत तो विधुरही नाही आणि ती नर्तकीही नाही. कालवे आहेत, पूल आहेत, घंटाघरे आहेत, मठांच्या भिंती आहेत, पाण्यात उलटी पडलेली घरे आहेत आणि बहुतेक ठिकाणी रस्ते ओस आहेत. ही छायाचित्रे रोदेनबाखसाठी कोणी मुद्दाम काढलेली नव्हती. पॅरिसच्या लेव्ही आणि नर्दाँ या व्यापारी छायाचित्रसंस्थांच्या साठ्यातली, गावोगावची दृश्ये विकण्यासाठी काढून ठेवलेली ती चित्रे होती. तीच त्या मजकुराच्या शेजारी येऊन बसली आणि सुतकात गेली. रोदेनबाखने प्रस्तावनेत आपला हेतू सांगितला आहे: शहराचे अस्तित्व वाचणाऱ्याला जाणवावे, आणि उंच मनोऱ्यांची सावली मजकुरावर लांबवर पडावी.

मनोऱ्यांची सावली मजकुरावर पडावी, ही कल्पना मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आपल्या भाषेत तर त्या वस्तूला शब्दच ‘छायाचित्र’ असा आहे. पण इतकी वर्षे तो शब्द वापरूनही त्यातली छाया कोणावर पडते असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रोदेनबाखच्या पुस्तकात ती शेजारच्या वाक्यांवर पडते. पुढच्या अनेक आवृत्त्यांतून ही छायाचित्रे गाळली गेली. कथा समजायला त्यांची गरज नाही असे प्रकाशकांना वाटले असावे, आणि कथा समजायला ती खरोखर लागतही नाहीत. पण त्या बिनचित्रांच्या आवृत्त्यांतला विधुर बिनसावलीच्या गावात हिंडतो, असे मला वाटते.

हेन्री जेम्स या अमेरिकी कादंबरीकाराला मात्र चित्रांची धास्तीच होती. १९०७ ते १९०९ या काळात त्याच्या निवडक लेखनाचे २४ खंड न्यूयॉर्कहून निघाले, तेव्हा प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला अल्विन लँग्डन कोबर्न या तरुण छायाचित्रकाराचे एकेक छायाचित्र घातले गेले. पात्राचा चेहरा किंवा कथेतला प्रसंग चित्रात आला, तर लेखकाने शब्दांनी उभे केलेले चित्र मोडते, अशी जेम्सची ठाम समजूत होती. म्हणून त्याने कोबर्नला दारे, रस्ते, पूल आणि घरांचे दर्शनी भाग शोधायला लावले. एका कादंबरीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानासाठी दोघे लंडनभर हिंडले. कथेतले दुकान सापडावे असा त्यांचा आग्रह नव्हता. त्या दुकानाची कल्पना ज्यावर टेकेल असे एखादे खरे दुकान त्यांना हवे होते. चित्र आणि मजकूर यांच्यात थोडे अंतर असलेच पाहिजे, हे मला जेम्सकडून नीट कळले. ते किती असावे, हे मात्र प्रत्येक जोडीपाशी पुन्हा नव्याने ठरवावे लागते.

आणि मग डब्ल्यू. जी. झेबाल्ट. १९४४ साली बव्हेरियातल्या एका खेड्यात जन्मलेला, पुढे इंग्लंडमध्ये नॉरिचच्या विद्यापीठात शिकवत राहिलेला आणि २००१ साली मोटार अपघातात गेलेला हा जर्मन लेखक मला या बाबतीत सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्या पुस्तकांत फोटोंखाली ओळी नसतात. जुनी पोस्टकार्डे, तिकिटे, अल्बममधली अनोळखी माणसे, रेल्वे स्थानके असे काहीही मजकुरात मध्येच येते, आणि ते कशाचे आहे हे कोणी सांगत नाही. बरेचसे फोटो त्याने फोटोकॉपीच्या यंत्रातून काढून मुद्दाम फिकट, करडे करून घेतले होते. ‘आउस्टरलिट्झ’ या त्याच्या शेवटच्या कादंबरीच्या सुरुवातीला अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयातले निशाचर प्राण्यांचे दालन येते. त्या प्राण्यांचे मोठे, रोखलेले डोळे पाहून निवेदकाला काही चित्रकार आणि तत्त्वचिंतक यांच्या नजरेची आठवण होते. आणि तिथेच, वाक्याच्या ओघात, चार अरुंद पट्ट्या येतात. दोन प्राण्यांच्या डोळ्यांच्या, दोन माणसांच्या. पट्टी इतकी अरुंद की ती एखाद्या ओळीसारखीच वाचली जाते. माणसांपैकी एक तत्त्वचिंतक विटगेनस्टाईन आहे हे ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. वाचता वाचता आपल्याकडे कोणीतरी बघत आहे असे वाटते, आणि त्या जागी तेवढेच हवे असते.

झेबाल्ट वाचताना मला आकाराचे महत्त्व उमगले. भिंतीवरचा मोठा फोटो दुरून बघायचा असतो. त्याच्यासमोर आपण उभे राहतो. लहान फोटोसाठी पुस्तक डोळ्यांजवळ न्यावे लागते, आणि अक्षरे ज्या अंतरावरून वाचतो त्याच अंतरावरून तोही न्याहाळावा लागतो. नजर डावीकडून उजवीकडे सरकते, एखाद्या ओळीवर अडावी तशी एखाद्या तपशिलावर अडते, मागे येते. सहा सेंटिमीटरांचा फोटो मी डेमी आकाराच्या पानावर ठेवून पाहिला, तेव्हा त्याची उंची माझ्या मजकुराच्या अकरा ओळींएवढी भरली. म्हणजे तो एक परिच्छेदच होता. पानभर फोटो असला की शेजारचा मजकूर त्याचा सेवक होतो. टपाल तिकिटाएवढा असला की तो अलंकार होतो. अकरा ओळींचा असला की तो मजकुराच्या बरोबरीने बोलतो.

कागदाचेही असेच आहे. आपल्याकडच्या चरित्रांत आणि आत्मचरित्रांत मधोमध आठ किंवा सोळा पाने आर्ट पेपरची असतात. सगळे फोटो तिथे एकत्र राहतात, खाली नावे असतात, डावीकडून तिसरे कोण ते कळते. छपाईच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे, कारण गुळगुळीत कागदावर फोटो स्वच्छ उठतो आणि मजकुराचा मॅपलिथो कागद शाई पिऊन टाकतो. पण या सोयीपायी फोटो आणि वाक्य यांची कायमची ताटातूट होते. पृष्ठ ४० वरचे घर पाहायला पृष्ठ १२८ च्या पुढे जावे लागते, आणि तिथे ते घर माणसांच्या गर्दीत एकटे पडलेले असते. मी माझे फोटो मजकुराच्याच मॅपलिथोवर छापायचे ठरवले. काळा रंग थोडा करडा होईल, चेहऱ्यावरचे बारकावे थोडे हरवतील, हे मला मान्य होते. अक्षर आणि चेहरा एकाच शाईने एकाच कागदात मुरले, तर ती दोन्ही एकाच घरातली वाटतात.

आता त्या घाटाकडे परत येते. जुना उतारा मी फाडला नाही, बाजूला ठेवला आणि फोटो कितीतरी दिवस लिहिण्याच्या टेबलावर नुसता पडू दिला. मग एका सकाळी जो उतारा लिहिला गेला, त्यात वाई नाही, घाट नाही आणि नदीही नाही. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांचे घर आहे. नळाला पहाटे पाच वाजता पाणी येई आणि साडेसहाला जाई. आई अंधारात उठून पिंप, बादल्या, पातेली, अखेरीस तांबे आणि वाट्यासुद्धा भरून ठेवी, आणि पाणी गेल्यावर नळाखाली शेवटचे भांडे तसेच ठेवून त्यात पडणारे थेंब ऐकत चहा घेई. हा उतारा मी फोटोसमोर ठेवला. कळशीचा उल्लेख मजकुरात नव्हता, पण फोटोतली कळशी आता कितीतरी जड दिसू लागली. फोटोत एक अख्खी नदी आईच्या मागे होती आणि समोरच्या पानावर ती थेंब मोजत होती. यांतले काहीही मी लिहिले नव्हते. ते दोन पानांच्या मधल्या शिवणीत तयार झाले होते.

उत्साहाच्या भरात मी मग दुसऱ्या टोकाला गेले, हेही सांगायला हवे. आईच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या फोटोसमोर मी तिच्या शेवटच्या आजारपणातला एक उतारा ठेवला. मला त्यात फार अर्थ दिसत होता. माझ्या थोरल्या बहिणीने दोन्ही पाने तीन-चार वेळा पाहिली.

“हे दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत ग,” ताई म्हणाली.

“तेच तर हवंय मला. वाचणाऱ्याने जोडावं.”

“जोडील की. पण एकाने हाक मारली तर दुसऱ्याला ऐकू तरी यायला हवी.”

तेव्हापासून माझ्यापुरते या कामाचे माप तेच आहे. खेड्यात घराचा पत्ता सांगताना आपण म्हणतो की ते हाकेच्या अंतरावर आहे, तेवढेच अंतर फोटो आणि उतारा यांच्यात असावे. उंबऱ्याला उंबरा लागून असेल तर हाक मारण्याची वेळच येत नाही, आणि डोंगरापलीकडे असेल तर मारून उपयोग नाही. ताईने साहित्याचा अभ्यास केलेला नाही; तिने आयुष्यभर बँकेत नोकरी केली. पण एखादी जोडी जमली की फसली, हे ती माझ्याआधी सांगते.

पिंगुळीच्या चित्रकथीच्या परंपरेतही हे अंतर फार समजूतदारपणे सांभाळलेले दिसते. सिंधुदुर्गातले ठाकर कलावंत रामायण-महाभारतातली आख्याने सांगताना सुट्या कागदांवरची चित्रे एकामागून एक समोर धरतात. चित्रांच्या त्या संचाला ते पोथीच म्हणतात. एक चित्र समोर आले की त्या प्रसंगाचे गायन आणि निरूपण संपेपर्यंत ते तसेच राहते. शब्द पुढे जातात, मागे येतात, सवाल-जवाब करतात, आणि चित्रातली दोन पात्रे स्थिर उभी असतात. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे चित्र धावत नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याची नजर त्यावर पुन्हा पुन्हा परत येते. चित्रांचा संच म्हणजे पोथी, असे म्हणणाऱ्या लोकांना चित्र वाचायचे असते हे कोणी शिकवावे लागले नसणार.

पुस्तक छापायला दिले आणि पहिला सोळा पानांचा फॉर्मा हातात आला तेव्हा मला रडू फुटले. छापणाऱ्यांनी चांगल्या हेतूनेच बदल केले होते. “मॅडम, एवढी जागा मोकळी सोडली तर लोकांना वाटेल छपाई चुकली,” असे त्यांचे म्हणणे. फोटो मजकुराच्या पूर्ण रुंदीएवढे आडवे केले होते, त्यासाठी पांढरी कड, वरचे आभाळ आणि खालची रिकामी जमीन छाटली होती, आणि प्रत्येकाखाली एक ओळ टाकली होती: ‘आई, गणपती घाट, वाई’. त्या एका ओळीने माझ्या पाण्याच्या उताऱ्याचा सगळा जीव गेला. हे कुठले, हे कोण, याचे उत्तर मिळाले की वाचणाऱ्याचा डोळा सुटतो आणि पुढे जातो. मी तो फॉर्मा रद्द करायला लावला, त्याचा खर्च सोसला, आणि फोटो पुन्हा सहा सेंटिमीटरांचे, चारी बाजूंनी अखंड, बिननावाचे छापून घेतले. मोकळी जागा ही हाक पोचण्यासाठी लागणारी जागा आहे, हे मला त्या वेळी त्यांना नीट समजावून सांगता आले नाही याचे अजून वाईट वाटते.

एकूण प्रती काढल्या ६०. पहिली प्रत घेऊन ताई आणि मी साताऱ्याला मावशीकडे गेलो. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी धाकटी. तिला बारीक अक्षर वाचायला त्रास होतो, म्हणून ताई उतारे मोठ्याने वाचत होती आणि मावशी चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक अगदी डोळ्यांशी नेऊन फोटो पाहत होती. एका पानाला पाच-पाच मिनिटे लागत होती. घाटाच्या पानावर ताईचे वाचन अर्ध्यावर आले असताना मावशीने हात वर करून तिला थांबवले.

“हा कोणी काढला म्हणून सांगता तुम्ही?”

“मामाने. सगळे मामानेच काढलेत ना?”

“दादाच्या डोक्यावर टोपी कधी होती?”

मी वाकून पाहिले. फोटोच्या तळाशी, घाटाच्या पायऱ्यांवर, एक सावली पडली होती. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा, असे तेव्हा सगळ्यांनाच शिकवलेले असे, आणि ती सावली अर्थातच फोटो काढणाऱ्याची होती. दोन्ही कोपर बाहेर काढलेले, मधे डोके, डोक्यावर टोपीचे टोक. पायऱ्यांवर मोडत मोडत ती पुढे गेली होती आणि तिचे डोके कळशीला टेकले होते. अल्बम सापडल्यापासून तो फोटो मी शेकडो वेळा पाहिला होता, दोनदा त्यावर लिहिले होते, आणि माझ्या मजकुरात ती सावली कुठेही नव्हती. रद्द केलेल्या फॉर्म्यात तर ती छाटलेलीच होती, आणि मी भांडले होते ते कशासाठी, तर मोठा झालेला आकार आणि खालची ती ओळ यांसाठी.

“अण्णा आहेत हे,” मावशी म्हणाली. “दादानं त्यांच्या हातात कॅमेरा दिला होता. मी होते तिथं. एकच काढला त्यांनी, आणि परत हात लावला नाही.”

अण्णा म्हणजे आईचे वडील. माझ्या जन्माआधीच गेलेले. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यांना फोटो काढून घेणे आवडत नसे, असे आई सांगायची. ती डोळे बारीक करून कोणाकडे पाहत होती, ते मला त्या दुपारी कळले.

ताईने माझ्याकडे पाहिले. उतारा बदलायला हवा का, असे तिला विचारायचे असावे. मावशीने मात्र पुस्तक खाली ठेवले नव्हते. एक बोट त्या सावलीवर तसेच ठेवून ती ताईला म्हणाली, “वाच ग पुढं. अक्काचं पाणी भरून व्हायचंय अजून.”